पगच्या सोबतीला मांजर: बेळगावजवळच्या एका निवाऱ्याचा अनुभव

मागील आषाढात आम्ही खानापूर रस्त्यालगतच्या एका खासगी प्राणी-निवाऱ्यातून तीन वर्षांची एक भाटी, म्हणजे मादी मांजर, दत्तक घेतली. निवाऱ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तो चालवणाऱ्या कुटुंबानेच तशी विनंती केली आहे. पत्ता उघड झाला की रात्रीतून फाटकापाशी पिल्लांनी भरलेली खोकी येऊन पडतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव आहे. तेथील कामाची पद्धत मात्र लिहिण्याजोगी आहे, विशेषतः ज्यांच्या घरी आधीच एखादा लहान कुत्रा आहे अशांसाठी.

आमचे घर बेळगावच्या वडगाव भागात आहे. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग चालतात, मागे छोटे परसू आहे आणि वर माडी. बंडू हा आमचा पग जातीचा कुत्रा पाच वर्षांचा आहे. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून तो दिवसभर उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडून राहू लागला आणि जेवणही अर्धवट सोडू लागला. दुसरा कुत्रा पाळण्याएवढी जागा नव्हती, म्हणून मांजराचा विचार पुढे आला.

निवाऱ्यात पहिल्या भेटीत आम्हाला मांजर दाखवलेच नाही. तेथील बाईंनी अर्धा तास केवळ बंडूविषयी विचारले: तो कबुतरांच्या मागे धावतो का, ताटाजवळ कोणी आले तर गुरगुरतो का, दोरीने बांधले असता हाक मारल्यावर मागे वळून पाहतो का, आणि दिवसातून किती वेळ त्याच्याबरोबर कोणी चालायला जाते. शेवटच्या प्रश्नाचे आमचे उत्तर समाधानकारक नव्हते. कुत्र्याच्या एकटेपणावर मांजर हा उपाय नव्हे, त्याची संध्याकाळची फेरी आधी सुरू करा आणि दोन आठवड्यांनी या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या वेळी मला थोडा राग आला होता, हे मान्य करतो. परंतु रोज संध्याकाळी अनगोळपर्यंत चालणे सुरू झाल्यावर आठवड्याभरात बंडूचे जेवण पूर्ववत झाले, आणि मांजर आणायचेच असेल तर ते का आणायचे, याचा विचार आम्हाला पुन्हा करावा लागला.

दुसऱ्या भेटीला बंडूलाही बरोबर नेले. आमच्या मुलीने अडीच महिन्यांचे एक तांबूस पिल्लू पसंत केले होते. ते देण्यास बाईंनी नकार दिला, आणि त्यामागचे कारण प्रत्येक पग पाळणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. पगचे डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात आणि नाक आखूड असल्यामुळे त्यांना पुढून कोणतेही संरक्षण मिळत नाही. पिल्लू खेळताना समोरच्याच्या तोंडावर झेप घेते आणि नखे आत ओढून घेण्याचे भान त्याला अजून आलेले नसते. बुबुळावर एक ओरखडा पुरेसा असतो. त्याची जखम चिघळली तर काही दिवसांत डोळा गमवावा लागू शकतो. लहान कुत्र्यासाठी लहान मांजर बरे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. येथे तो पूर्णपणे उलटा ठरला.

त्यांनी आम्हाला साळू दाखवली. तिचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले होते आणि ती कुत्रे असलेल्या घरातच जन्मली होती. मांजराच्या पिल्लाला इतर प्राण्यांची आणि माणसांची सवय साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान सर्वांत सहज लागते. त्या काळात कुत्रा पाहिलेले मांजर पुढे कुत्र्याला पाहून पळत सुटत नाही, आणि जे पळत नाही त्याचा पाठलाग करण्याची इच्छा कुत्र्यालाही कमी होते. बंडू पट्ट्यात होता. साळूने त्याच्याकडे एकवार पाहिले, शेपटी सरळ वर उभी केली आणि ती शांतपणे निघून गेली. उभी शेपटी ही मांजराची मैत्रीची खूण असते, हे मला तेथेच कळले. जोराने डावी-उजवीकडे आपटणारी शेपटी मात्र मांजर चिडल्याचे सांगते, आणि कुत्र्याला तीच हालचाल आनंदाची वाटते. दोघांमधले बरेचसे तंटे या गैरसमजातूनच उद्भवत असावेत.

घरी आणल्यानंतरचा क्रमही त्यांनी ठरवून दिला होता. पहिले दहा दिवस साळू मागांच्या खटखटीपासून दूर, माडीवरच्या खोलीत राहिली. तिच्या अंथरुणाचे फडके बंडूच्या जागेवर आणि त्याचे तिच्या खोलीत, अशी रोज अदलाबदल केली. नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणे ठेवली, पुढे दार थोडे उघडून बंडूला पट्ट्यात बसवले. कुत्रा पोहोचणार नाही अशी उंच जागा प्रत्येक खोलीत असावी, ही त्यांची अट होती. आम्ही जुन्या फडताळाचा वरचा कप्पा मोकळा केला. त्याला एक हजार रुपयांचा खर्च आला, तो सार्थकी लागला.

निवाऱ्याने १५०० रुपये घेतले. त्यात ऑपरेशन आणि लसीकरण धरलेले होते, त्यामुळे ही रक्कम मला वाजवी वाटते. दीड महिन्यात जमले नाही तर मांजर परत घेण्याची लेखी हमी त्यांनी दिली आणि महिन्याभराने घरी येऊन पाहणीही केली.

त्रुटी दोन आहेत, आणि त्यांतील दुसरी गंभीर आहे. पहिली कागदपत्रांची: लसीकरणाची पुस्तिका तीन आठवडे उशिरा मिळाली आणि करारपत्र केवळ कन्नड व इंग्रजीत होते, त्यामुळे माझ्या आईला प्रत्येक कलम शेजाऱ्यांकडून समजून घ्यावे लागले.

दुसरी त्रुटी औषधाची. पावसाळ्यात आमच्याकडे गोचिडांचा फार उपद्रव होतो आणि बंडूच्या मानेवर आम्ही दरवर्षी थेंबांचे औषध घालत असू. श्रावणात साळूला रेबीजची लस देण्यासाठी नेले तेव्हा ती नवी कुपी योगायोगाने पिशवीत होती. डॉक्टरांनी तिच्यावरील घटक वाचून आम्हाला थांबवले. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते चालते, पण मांजराच्या यकृताला त्याचे विघटन करता येत नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटले किंवा त्याला अंग घासले, तरी थरथर आणि झटके येऊन ते दगावू शकते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारक ठरते, त्यामागेही यकृताची हीच मर्यादा आहे. कुत्रा असलेल्या घरात मांजर देणाऱ्या निवाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. मी हे त्यांना कळवले तेव्हा त्यांनी कोणतीही सबब सांगितली नाही.

आहाराविषयीची त्यांची सूचना मात्र नेमकी होती. मांजराला टॉरिन हे मांसातले पोषकद्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते न मिळाल्यास डोळे व हृदय बिघडते, म्हणून तिला बंडूच्या दूधभातावर ठेवू नये. उलट मांजराचे खाणे कुत्र्याला जड पडते. बंडूने पहिल्याच आठवड्यात तिची वाटी फस्त केली आणि दोन दिवस त्याचे पोट बिघडले. आता साळू फडताळावर जेवते. तिची शौचासाठीची मातीची पेटीही बंडूचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी लागली.

आठ महिने झाले. दोघे गळ्यात गळे घालून झोपत नाहीत. दुपारी माग थांबले की बंडू सोप्यात पसरतो आणि साळू त्याच्यापासून दोन हातांवर येऊन बसते. तो आता उंबऱ्यावर पडून राहत नाही. करारपत्राचा आणि सूचनांचा मराठी तर्जुमा मी निवाऱ्याला करून दिला. गेल्या महिन्यात तेथे गेलो तेव्हा तो दारामागच्या फळ्यावर लावलेला दिसला, आणि सर्वांत वर, लाल शाईत, पर्मेथ्रिनची ओळ होती.