आठ महिने फोटोवाल्या ॲपवर गोधड्या विकल्या, त्या कॉलच्या बटणाने वात आणला

ॲपचं नाव घेत नाही, उगाच अकाउंट बंद पडलं तर बसा बोंबलत. रील, हॅशटॅग वगैरे तुम्हाला माहितीये. मी आणि सासूबाई जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवतो, त्या विकायला जूनमध्ये साधं अकाउंट बिझनेसचं केलं, फुकट होतं ना, आणि फुकट म्हटलं की आमच्याकडे कोणी फार विचार करत नाही.

तेव्हा नंबर विचारला, मला वाटलं ओटीपीसाठी असेल, टाकला. तिसऱ्याच दिवशी रात्री पावणेबाराला फोन. "गोधडी आहे का?" आहे म्हटलं, डबल हवी की सिंगल? "ते राहू दे, तुमचं लग्न झालंय का?" मग रोजचंच, लोनवाले, विमावाले, दहा हजार फॉलोअर देतो म्हणणारे. चार महिने मी बँकेला शिव्या घालतेय की यांनीच नंबर विकला. शेवटी नवऱ्याने त्याच्या मोबाईलवर माझं प्रोफाईल उघडलं तर नावाखाली हे एवढं कॉलचं बटण! माझ्या फोनवरून मला ते कधी जाणवलंच नाही. बंद करायची सेटिंग आहे, पण शोधायला अर्धा तास गेला.

हे माझ्याच बावळटपणामुळे म्हणावं तर याच इन्स्टाग्रामला (घेतलंच शेवटी नाव!) 2022 मध्ये आयर्लंडमध्ये 40.5 कोटी युरोचा दंड झाला होता, 13 ते 17 वयाच्या पोरांनी बिझनेस अकाउंट केली आणि त्यांचे फोन, ईमेल जगाला दिसले म्हणून. म्हणजे आपण एकट्याच नाही बायांनो. 2012 मध्ये फेसबुकने ते 100 कोटी डॉलरला घेतलं तेव्हा तिथे 13 माणसं कामाला होती आणि एकही जाहिरात नव्हती, तो पैसा कुठून तरी वसूल होणारच की. युरोपात तर 2023 पासून जाहिराती नको असतील तर पैसे भरा म्हणतात, वेबवर महिन्याला 9.99 युरो होते, नंतर कमी केले. तेवढ्यात माझा दोऱ्याचा खर्च निघतो.

प्रमोटचं बटणही दाबून पाहिलं, 600 रुपये गेले, लाईक पोत्याने आले, गोधडी एकही गेली नाही. सासूबाई अजून काढतात ते 600.

इथवर मी एक स्टार देणार होते. पण दिवाळीत नाशिकच्या एका ताईंचा फोन आला, आवाज चढलेला. "अहो ताई, माझ्या घराचा पत्ता का टाकलात सगळ्यांसमोर?" मी म्हटलं मी कशाला टाकू. मग बघितलं, "आज रवाना" म्हणून पार्सलांचा ढीग दाखवला होता, वरच्याच पार्सलावर लेबल, झूम केलं तर फ्लॅट नंबर, मोबाईल, सगळं स्वच्छ. कॅमेरा चांगला घेतला ना हौसेने! फोटो लगेच काढला, माफी मागितली, पुढच्या गोधडीला 200 कमी केले. त्यानंतर ॲपला शिव्या देताना जीभ जरा अडखळते. आता पार्सल उलटं ठेवून फोटो काढते.

ऑर्डरी मात्र येतात हो, आठ महिन्यांत 31 गेल्या, दुकानाचं भाडं नाही, म्हणून तीन स्टार.

आणि ते बटण परत चालू केलंय. काही वयस्कर गिऱ्हाइकं मेसेज करत नाहीत, फोनच करतात. त्यासाठी जुना साधा फोन आणि वेगळं सिम घेतलं, तो सासूबाईंच्या उशाशी असतो. परवा रात्री साडेअकराला वाजला. त्यांनी उचलला, "बोल रे बाळा, कुणाचा तू? घरी कोण कोण असतं?" समोरच्याने ठेवून दिला.