मध्यस्थाचा त्रिपक्षीय करार: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सॉफ्टवेअर करून हवे असलेला ग्राहक आणि ते करून देणारा चमू यांची गाठ घालून देणे हा माझा व्यवसाय आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांचे नावही कळू न देणे हेच आपले संरक्षण, असे मी बरीच वर्षे मानत होते. गेल्या नऊ महिन्यांत मात्र चार कामांसाठी मी तिघांच्या सह्यांचा एकच करारनामा वापरला. त्यात माझे कमिशन किती आणि ते कोण देणार, हे ग्राहकालाही दिसेल असे लिहिलेले असते.

या व्यवसायात लपवाछपवी टिकत नाही. गरजा समजून घेताना आणि चाचणीच्या वेळी डेव्हलपर व ग्राहक यांना थेट बोलावेच लागते. शिवाय गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरले असेल, तर कोडमधील प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याचे नाव आणि ईमेल पत्ता सहसा चिकटलेलाच असतो, त्यामुळे मध्यस्थाने दडवलेली ओळख रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या नोंदींचा साठा) सुपूर्द होताच उघडी पडते.

ज्या कलमावर माझी सर्वाधिक भिस्त होती, ते परस्पर व्यवहाराला मनाई करणारे कलम सर्वांत कुचकामी निघाले. पहिल्याच कामात दोघांनी मला वगळून पुढचे काम ठरवल्याचा संशय आला, तेव्हा वकिलांनी विचारले की करारभंगाने तुमचे नेमके किती नुकसान झाले, हे कसे सिद्ध करणार. माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या कामापासून मी मनाई काढून टाकली आणि असे लिहिले की, ओळख करून दिल्यापासून 24 महिन्यांत त्या ग्राहकाकडून किंवा त्याच्या संलग्न कंपन्यांकडून त्या चमूला जी रक्कम मिळेल तिच्यावर, व्यवहार माझ्यामार्फत झालेला असो वा नसो, ठरलेले कमिशन देय राहील. आता मागणी नुकसानभरपाईची राहिली नाही, येणे असलेल्या पैशांची झाली. ओळख कोणत्या तारखेला करून दिली हे दोघांना एकाच ईमेलने कळवून पोच घेते; हे पाच मिनिटांचे काम मी आधी का करत नव्हते, कोण जाणे.

कमिशन 'काम पूर्ण झाल्यावर' मिळेल असे मात्र कोणीही लिहू नये. सॉफ्टवेअर पूर्ण झाले असे कोणीच पटकन म्हणत नाही. किरकोळ दोषांच्या यादीपायी माझे पहिले कमिशन दोन महिने अडकले होते. आता प्रत्येक टप्प्याची रक्कम चमूच्या खात्यात जमा झाल्यापासून सात दिवसांत माझा हिस्सा देय होतो आणि संबंधित बिले पाहण्याचा हक्क मला आहे. सगळा पैसा माझ्याच खात्यातून फिरवणे अधिक सुरक्षित वाटेल, पण मग बिल माझ्या नावाने निघते आणि कामाच्या दर्जाची जबाबदारीही माझ्याच गळ्यात येते.

तिसऱ्या कामात फटका बसला. कमिशन कोणत्या कामाच्या रकमेवर, यासाठी करारात 'विकासकाम' एवढाच शब्द होता, आणि चमूने दुसऱ्या टप्प्यातील नव्या सुविधा 'देखभाल' या नावाखाली करून दिल्या, म्हणजे कमिशनच्या बाहेर. चूक माझ्या शब्दांची होती. आता देखभाल, चेंज रिक्वेस्ट (ग्राहकाने नंतर मागितलेले बदल), पुढील टप्पे आणि परवाना शुल्क यांचा मी नावानिशी उल्लेख करते.

कायद्याच्या आधारावर विसंबू नये, असेही माझे मत झाले आहे. युरोपीय संघाचा 1986 चा व्यापारी एजंटांविषयीचा निर्देश करार संपल्यानंतरच्या काही व्यवहारांवरही कमिशन देतो, आणि कायमस्वरूपी परवान्यासह दिलेले सॉफ्टवेअर त्या निर्देशापुरते 'माल' ठरू शकते, असे तेथील न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. परंतु ते संरक्षण वाटाघाटीचा सातत्याचा अधिकार असलेल्या एजंटासाठी आहे, माझ्यासारख्या एकदाच ओळख करून देणाऱ्यासाठी नाही.

चौथे काम सध्या चालू आहे. तेथील ग्राहकाला 24 महिने जास्त वाटले. देखभालीवरील कमिशन कायम ठेवण्याच्या बदल्यात मी 12 महिने मान्य केले.