'मदर!' (२०१७) : पैसे वसूल, पण घरच्यांसोबत बघू नका

ओटीटीवर भाड्याने घेऊन बघितला. आधीच सांगतो, खाली सगळी स्टोरी फुटणार आहे. आणि हॉरर समजून लावणार असाल तर राहू द्या, अमेरिकेत लोक तसंच समजून गेले आणि सिनेमास्कोअरच्या पाहणीत याला सरळ एफ (म्हणजे नापास) ग्रेड देऊन मोकळे झाले. आमचे दाजी तर मध्येच उठून गेले.

डायरेक्टर डॅरन अॅरोनॉफ्स्की, याआधी 'नोआ' (बायबलमधल्या महापुराची गोष्ट) केलेला, म्हणजे बायबलचा नाद जुनाच. कोणत्याच पात्राला नाव नाही. एक कवी (हाविएर बार्डेम), त्याची बायको (जेनिफर लॉरेन्स), आणि जळालेलं घर जे ती एकटी, स्वतःच्या हाताने परत उभं करतेय. मग एक पाहुणा टपकतो, रात्री त्याच्या बरगडीपाशी जखम दिसते, नंतर त्याची बायको येते, जिथे जाऊ नका सांगितलंय त्या खोलीत दोघं जातात आणि कवीचा जिवापाड जपलेला स्फटिक फोडतात, मग त्यांची दोन पोरं येऊन भांडतात आणि एक भाऊ दुसऱ्याला मारतो. बायबलमधलं पहिलं जोडपं आदम, हव्वा आणि त्यांची पोरं केन, एबल, झालं. म्हणजे कवी हा देव आणि त्याची बायको ही पृथ्वी. शाळेत कॉन्व्हेंटला असाल तर पटापट ओळखाल, नसाल तर पाच मिनिटं गुगल करा, पुरे.

पण हे ओळखाओळखीचं कोडं मला तेवढं भारी वाटलं नाही. भारी आहे तो सिंकचा सीन. कवीची बायको घरात जमलेल्या लोकांना सारखी सांगतेय की त्यावर बसू नका, अजून नीट बसवलेलं नाहीये, आणि लोक हसून परत बसतात, वर उड्या मारतात, शेवटी पाइप फुटून घरभर पाणी. नोआचा पूर म्हणा हवं तर, पण मला तर नदीपात्रात बांधकाम करणारी माणसंच दिसली, सांगणारा सांगतोय आणि ऐकणाऱ्याला पार्टी करायचीय.

पुढे कवीची कविता गाजते आणि भक्तांची रीघ लागते. आठवण म्हणून घराचे तुकडे काढून नेतात, कपाळाला काहीबाही फासतात, आणि नंतर कवीच्या तान्ह्या बाळाचं जे करतात ते इथे लिहवत नाही (चर्चमध्ये येशूचं शरीर म्हणून प्रसाद खातात ना, ते शब्दशः दाखवलंय). कवी वाईट नाहीये हो, त्याला फक्त कुणालाच नाही म्हणता येत नाही, कारण त्याला गर्दी आवडते. नाशिकमध्ये बसून हे बघताना तपोवन डोक्यातून जाईना. २०२७ च्या कुंभासाठी साधुग्राम (साधूंच्या मुक्कामाची जागा) करायचं म्हणून २०२५ च्या शेवटी तिथली झाडं तोडायचा विषय निघाला आणि लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, त्यात देवभोळे पण होते. म्हणून देवाचे भक्त विरुद्ध निसर्ग अशी सरळ वाटणी जी पिक्चर करतो ती मला अर्धीच पटली.

दुसरी तक्रार शेवटाची. ती वैतागून सगळं जाळून टाकते, तो तिच्या छातीतून स्फटिक काढतो, घर परत नवं, बायको पण नवी. आपल्याला प्रलय आणि नवं कल्प हे लहानपणापासून ऐकून माहीत असल्याने हे पटकन पचतं, पण पृथ्वीच्या बाजूने बोलायला निघालेल्या पिक्चरने शेवटी दुसरं घर तयार मिळतं असं दाखवलं की सगळी भीतीच गेली ना राव. ते घर राखच राहायला हवं होतं.

लॉरेन्स जबरदस्त, कॅमेरा जवळजवळ पूर्णवेळ तिच्या चेहऱ्याला चिकटलेला. पार्श्वसंगीत नाहीच, केलेलं होतं ते काढून टाकलं म्हणे, त्यामुळे फळ्यांची करकर, पाण्याची टिपटिप हेच सगळं, हेडफोन लावूनच बघा. पाचपैकी साडेतीन. गरोदर बाई घरात असेल तर अजिबात लावू नका, सिरीयसली.