मीटरवरचं शून्य आणि माझे ३,८५० रुपये

व्यापाऱ्यांची कराची, आता जीएसटीची, रिटर्नं भरून देण्याचं काम मी अकरा वर्षं करते. पक्कं बिल नसेल तर व्यापाऱ्याला फाईलसकट परत पाठवते. त्याच मी, नाशिकमधल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ‘बॅटरी १ नग’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेतली आणि ३,८५० रुपये देऊन घरी आले. हे लिहितानाही कानशिलं तापली आहेत.

त्या दिवशी १८ जून होता. २० तारखेच्या आत एकोणीस जणांची रिटर्नं जायची होती, पावसामुळे वीज दिवसातून तीनदा जात होती आणि माझा चार वर्षं जुना लॅपटॉप बॅटरीवर जेमतेम दीड तास चालायचा. त्या घाईत माझ्या जागी कुणीही जवळचंच दुकान गाठलं असतं.

दुकानदाराने मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि मीटरच्या दोन पिना तिच्या टोकांना लावल्या. मीटरवर शून्य. “बघा ताई, डेड आहे. आता कधीही फुगेल, कीबोर्ड फाडून वर येईल.” मी घाबरले. लॅपटॉपच्या कितीतरी बॅटऱ्या अशा असतात की मशीनमधून बाहेर काढल्या की आतलं सर्किट वीज बाहेर सोडतच नाही. धडधाकट बॅटरीसुद्धा त्या मीटरवर शून्य दाखवते. हे मला आता कळलंय. पण दहा मिनिटांपूर्वी हाच लॅपटॉप मी त्याच्यासमोर चार्जरशिवाय चालू करून दाखवला होता! मेलेल्या बॅटरीवर तो चालू कसा झाला, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं. रोज रात्री मला तोच क्षण आठवतो. मीटर, त्याचा अंगठा, आणि मी मान डोलावतेय.

फुगलेली बॅटरी लपत नाही हो. टचपॅड उचलला जातो, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगतो. तसं झालं तर चार्जिंग बंद करून ती बदलायलाच हवी, त्यात हयगय नको. माझा लॅपटॉप ताटासारखा सपाट बसत होता.

हिशोब असा: बॅटरी ३,२००, बसवणावळ ३५०, मदरबोर्ड साफ केल्याचे ४५०, आणि जुन्या बॅटरीचे म्हणून १५० वजा. “पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील.” म्हणजे बॅटरीवरच ५७६ रुपये. मी नको म्हटलं. का म्हटलं? कारण बाहेर रिक्षा थांबली होती, मोबाईल सारखा वाजत होता, आणि ५७६ रुपये मला जास्त वाटले. हा दोष माझाच आहे. पण त्याने सापळाही तिथेच लावला होता, हेही तितकंच खरं.

नवी बॅटरी खोक्यात नव्हती, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. लेबलच्या कडेखाली दुसऱ्या लेबलची कड दिसत होती. दिसत होती, आणि मी बघितलीही. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तिच्यावर यातलं काही नव्हतं. ब्युरोच्याच बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक दोन मिनिटांत तपासता येतो.

महिनाभर चाललं. मग पुढच्याच २० तारखेला, रात्री पावणेअकराला, वीज गेलेली असताना, बॅटरी ३८ टक्के दाखवत असताना लॅपटॉप फट्‌कन बंद. वीज सकाळी आली. एका व्यापाऱ्याचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं, ५० रुपये विलंब शुल्क मी माझ्या खिशातून भरलं. ५० रुपयांचं काही नाही. अकरा वर्षांत माझ्याकडून तारीख चुकली नव्हती.

भाचा आला. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची एक कमांड टाकली की बॅटरीचा सगळा अहवाल निघतो, जुन्या आठवड्यांच्या नोंदींसकट. “मावशी, तुझी जुनी बॅटरी तर जिवंत होती गं.” मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, आणि काढली त्या आठवड्यातली २७,३००. म्हणजे पासष्ट टक्के. चार वर्षांत एवढी झीज होतेच. प्रत्येक चार्जिंगला थोडी, उन्हाळ्यात गरम होऊन थोडी, आणि दिवसरात्र शंभर टक्क्यांवर प्लगला लावून ठेवल्याने आणखी. तुमच्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर आजच लावा. झिजली म्हणजे मेली नव्हे.

आणि नवी? पहिल्या आठवड्यात पुरी ४२,०००. त्या रात्रीनंतर १९,७४०. आतले सेल जुनेच, फक्त क्षमतेचे आकडे सांगणारी चिप पुसून नवी केलेली. म्हणजे पासष्टची देऊन सत्तेचाळीसची घेतली, वर पैसे मोजून.

दुकानात गेले तर म्हणाला, चार्जर खराब असेल तुमचा. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडीच होती. माझी जुनी बॅटरी? “भंगारात गेली.” ती कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये नव्या लेबलखाली बसली आहे, असं मला आजही वाटतं. जुनी बॅटरी दुकानात सोडू नका, १५० काय, ५०० दिले तरी.

पोलीस चौकीत तासभर बसवून ठेवलं. मग हवालदार म्हणाले, “मॅडम, हा दिवाणी मामला. तीन-चार हजारांसाठी कुठे कागद रंगवता?” तक्रार सोडा, साधा अर्जसुद्धा घेईनात, पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर आहेत म्हणे. ग्राहकांसाठीच्या फोनवरच्या मदतकेंद्राने दोनदा तेच विचारलं, बिल आहे का, दुकानाचा जीएसटी क्रमांक आहे का. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा आधीच्या दोन फोनची नोंदच नव्हती! बिल देणारा माणूस फसवेल कशाला? ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच मदत लागते, आणि त्यालाच सगळे कागद मागतात. शिवाय प्रत्येक टेबलावर तेच, “तुम्ही तर शिकलेल्या दिसता.” शिकलेल्याचे पैसे झाडाला लागतात का?

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि तो बॅटरीचा अहवाल आहे. रोख दिले असते तर तेवढंही नसतं. कंपनीच्या केंद्रातून आता पक्क्या बिलावर ५,४९० ची बॅटरी घेतली. रिक्षाचे २४० आणि विलंब शुल्काचे ५० धरून एकूण ९,६३० रुपये गेले.

परवा त्याच दुकानावरून गेले. काउंटरवर कॉलेजची एक मुलगी, तिचा लॅपटॉप उघडलेला, आणि त्याच्या हातात तोच मीटर. मी आत शिरले आणि तिला म्हटलं, “बाळा, आधी अहवाल काढ. आणि ती बॅटरी परत माग.” तो माझ्यावर ओरडायला लागला. मुलीने त्याच्यापुढे हात केला.