साठीनंतरचा मोडी वर्ग : तीन महिने केला, आता सविस्तर लिहितेय

रिटायर झाल्यावर "आता एखादा क्लास लाव, वेळ जाईल" असं ज्यांना घरचे सांगतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय. जरा मोठं झालंय, पण वाचा.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने यंदा साठीच्या पुढच्यांसाठी मोडी लिपीचा, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीचा, वर्ग काढला. तीन महिने, मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते सहा, फी बाराशे रुपये, त्यात बोरू (तासून करतात ती लेखणी), शाईची बाटली आणि झेरॉक्सचा गठ्ठा. आम्ही एकोणीस जण होतो, सगळ्यात लहान एकसष्ट आणि सगळ्यात मोठ्या अठ्ठ्याहत्तरच्या एक काकू. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीत संपला. मी गेले त्याचं कारण एवढंच की सासूबाई गेल्यावर वाईच्या घरातली ट्रंक उघडली तर तळाशी लाल कापडात बांधलेले कागद निघाले, सगळे मोडीत, आणि घरात एकालाही एक अक्षर वाचता येईना. सासऱ्यांना यायची मोडी, त्यांना शाळेतच होती, पण ते असताना आम्ही कधी विचारलं नाही. त्याचं फार वाईट वाटलं मला, अजून वाटतं.

आधी दुसऱ्या एका क्लासबद्दल सांगते, नाहीतर हा वर्ग मला का आवडला ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या "ज्येष्ठांसाठी स्मार्टफोन" क्लासला गेले होते. मुलं गोड होती, चहा-बिस्किटं होती, पण काही अडलं की "आजी, द्या इकडे" म्हणून फोन हातातून घ्यायचे, दोन सेकंदात काहीतरी करायचे आणि "झालं बघा" म्हणून परत द्यायचे. झालं खरं, पण मला आलं का? घरी आल्यावर जैसे थे. आणि प्रत्येक गोष्टीला टाळ्या. फोटो पाठवला, टाळ्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांना सर्टिफिकेट, जे दोनदाच आले त्यांनाही. मी ते सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मुलाला म्हटलं, मला पुन्हा कुठल्या क्लासला पाठवू नकोस.

मोडीच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, रोज एक पान लिहून आणायचं, नाही आणलं तर मी पुढचं अक्षर शिकवेन पण तुमचं राहील. आणि खरंच दर वर्गाला सगळ्यांच्या वह्या तपासायचे, लाल पेनने. माझ्या पहिल्या पानावर अकरा गोल होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी चूक शोधून मला नीट दाखवली, आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटलं. "या वयात जमतंय हेच खूप" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. सगळ्यांना आडनावाने हाक, पुढे बाई किंवा राव. वर्गात आजी-आजोबा कुणीच नव्हतं.

शिकवण्याची पद्धत मला फार आवडली म्हणून थोडं खोलात लिहिते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचाच नाही. आपण आयुष्यभर अक्षर काढून झालं की वर रेघ दिलेली, त्यामुळे पहिला आठवडा हात ऐकेचना. सरांनी बोरू आमच्यासमोर तासला, टोक तिरकं कापून मध्ये बारीक चीर दिली, आणि प्रत्येकाला एकेक तासायला लावला. अठ्ठ्याहत्तरच्या काकूंचा हात थरथरतो. त्यांना सरांनी रुंद टोकाचा बोरू कापून दिला आणि ओळी दुप्पट अंतरावर आखून दिल्या, कसली चर्चा नाही, कौतुक नाही, नुसतं पुढे ठेवलं आणि "आता काढा बघू" म्हणाले. महिन्याभराने त्यांचं वळण आमच्या सगळ्यांपेक्षा ठळक आणि देखणं. मी बाजूलाच बसायचे, बघत राहायचे.

मोडीत शब्दांच्या मध्ये जागा नसते, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ओळ सुरू झाली की सुरू. वेलांटी एकच आणि उकारही एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही. आमच्यात मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, जन्मभर मुलांच्या वेलांट्या सुधारलेल्या, त्यांना पहिले पंधरा दिवस हे सहनच होईना. पण वाचायला लागल्यावर त्याच सगळ्यात पुढे, कारण शब्द कुठे तोडायचा हे अर्थावरून ठरतं आणि अर्थ त्यांना आमच्या आधी दिसायचा.

आणि इथे मला एक गोष्ट नव्यानेच कळली, वाचायला आपल्या वयाचा फायदा होतो!! जुन्या कागदांत मोट येते, वहिवाट येते, पडवी, पायली, शेर, बलुतं येतं. साडेबारा रुपये "१२॥" असे लिहिलेले असतात. मला ते बघताक्षणी कळलं कारण माझे वडील किराणाच्या वहीत असंच लिहायचे, आणि पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आमच्याकडून पाठ करून घेतलेली. सरांकडे कॉलेजची मुलंही शिकतात, ती अक्षरं आमच्या निम्म्या वेळात शिकतात, पण "पायली" वाचून झाल्यावर पायली म्हणजे काय तिथे अडतात, असं सरच म्हणाले.

एक तास मी विसरणार नाही. सर तारखा शिकवत होते. पेशव्यांच्या काळातल्या कागदांवर सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, असतो आणि आकडे अरबी शब्दांत, तेही उलटे, म्हणजे एकं आधी मग दहं मग शतक. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार असं सगळं आम्ही शाळेतल्यासारखं मोठ्याने पाठ केलं. मग सरांनी फळ्यावर लिहिलं, "सन इहिदे सितैन मया व अलफ, पौष शुद्ध अष्टमी", आणि म्हणाले काढा. एक, साठ, शंभर, हजार. ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, पण हे वर्ष मृगापासून, म्हणजे साधारण जूनमध्ये, सुरू होतं म्हणून पौषापर्यंत इंग्रजी साल बदलू शकतं, ते बदललं असेल तर ६००. आम्ही वहीत बेरीज करतोय, मागून एक काका, मिलिटरीतून रिटायर झालेले, हळूच म्हणाले, "पानिपत". १४ जानेवारी १७६१. कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ. तारीख शाळेत पाठ केली होती सगळ्यांनी, पण त्या काळचा माणूस ती कशी लिहीत असेल ते असं बेरजेतून हाताला लागलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या दिवशी सहाला वर्ग सुटला आणि पावणेसातपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

आता जे खटकलं ते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. साठीच्या पुढच्यांचा वर्ग आणि बेचाळीस पायऱ्या, हे मला मुळीच पटलेलं नाही. दोघांनी गुडघ्यांमुळे तिसऱ्या आठवड्यात सोडला, त्यातल्या एक फार हुशार होत्या. खाली तळमजल्यावर हॉल आहे, तो त्या वेळात कॅरमला दिलेला असतो, मी संघाच्या ऑफिसात लेखी दिलंय की अदलाबदल करा, अजून उत्तर आलेलं नाही. दुसरं, झेरॉक्स. मूळ कागदाची छोटी करून काढलेली झेरॉक्स मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने कशी वाचायची? सरांना सांगितल्यावर त्यांनी मोठ्या काढून आणल्या पण तोपर्यंत चार तास गेले. खुर्च्यांना लिहायची फळी नाही, घरून पॅड न्यावं लागतं, आणि बोरूने मांडीवर लिहिणं म्हणजे साडीला शाई ठरलेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांत होमवर्क हरवायचा, शेवटी सरांनी ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा केला ते उत्तम झालं.

आणि एक स्पष्ट सांगते, जाहिरातीत "तीन महिन्यांत मोडी वाचा" असं होतं ते अर्धंच खरं आहे. तीन महिन्यांत इंग्रज काळातले, टाकाने (निबाच्या लेखणीने) लिहिलेले, सुटसुटीत अक्षराचे कागद अडखळत वाचता येतात. पेशवेकालीन भरभर लिहिलेलं वळण वेगळंच प्रकरण आहे आणि शिवकालीन त्याहून वेगळं, त्याला वर्ष-दोन वर्षं रोज बसावं लागेल. सरांनी हे दुसऱ्याच तासाला सांगितलं होतं, म्हणून फसवणूक वाटली नाही, पण जाहिरात बदलायला हवी.

ज्यांना हा वर्ग जवळ नाही त्यांनी चौकशी करावी, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, मंडळ १९१० सालचं आहे. सरकारचं पुराभिलेख खातंही मोडीचे छोटे वर्ग घेतं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे फॉन्ट टाकून कॉम्प्युटरवर पण लिहिता येते, माझा नातू तेच करतो. मी मात्र म्हणेन सुरुवात बोरूने किंवा निदान कट निबच्या पेनने हातानेच करा, वळण हातात बसल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. जाताना भिंग न्या, पॅड न्या, आणि घरचा कागद असेल तर मूळ कागद नेऊ नका, फोटो न्या.

आमच्या ट्रंकेतल्या कागदाचं सांगते, त्याच्यासाठीच तर हे सगळं केलं. त्या लाल कापडातल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात हेही वर्गातच कळलं. दहाव्या आठवड्यात मी वरच्या कागदाचा फोटो नेला. सरांनी वाचून दाखवला नाही, म्हणाले बाई तुमचा कागद आहे, तुम्हीच लावा, मी बसतो शेजारी. दोन तास आणि घरी चार संध्याकाळी लागल्या. गहाणखत निघालं, सन १८७७ इसवी. लिहून देणार एक बाई, अमकी कोम अमका. "कोम" म्हणजे बायको आणि "बिन" म्हणजे मुलगा हे शिकले होते म्हणून तो शब्द ओळखला आणि थांबलेच, कारण ते आडनाव आमचंच होतं. यांच्या पणजोबांची आई. तिचं नाव आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं, आमच्याकडे वंशावळ आहे ती नुसती पुरुषांची. नवरा मयत, दोन मुलं अज्ञान, म्हणजे वयाने लहान, म्हणून ती पालनकर्ती. सातबाऱ्यावर "अ.पा.क." (अज्ञान पालन कर्ता) बघितलं असेल तुम्ही, तेच ते. घरखर्चाकरितां विहिरीकडचं शेत गहाण टाकून सव्वाशे रुपये घेतलेले. चतुःसीमा वाचली, पूर्वेस ओढा, तर हे म्हणाले अगं तो ओढा अजून आहे, मी पोहायला शिकलो तिथे. खाली सहीच्या जागी एक छोटंसं वर्तुळ आणि शेजारी लिहिलेलं, निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बाईची सही अशी असायची, शेतकऱ्याची नांगर आणि बाईची बांगडी. मी त्या वर्तुळावर बोट ठेवून बसले कितीतरी वेळ.

मी सरांना म्हटलं, १८७६ ते ७८ मोठा दुष्काळ होता ना, म्हणूनच गहाण टाकलं असेल तिने. सर म्हणाले, शक्य आहे, पण कागदात घरखर्च एवढंच आहे बाई, कागदात नाही ते आपण वाचायचं नाही. हे मला फार पटलं. मग त्यांनीच विचारलं, मागची बाजू बघितलीत का? मी बघितलीच नव्हती! घरी येऊन बघते तर मागे दुसऱ्या हाताने तीन ओळी, साल १८८३, मुद्दल व व्याज भरून पावलो, सबब कागद परत दिल्हा. सहा वर्षांत तिने शेत सोडवलं होतं, आणि सोडवलं म्हणूनच कागद आमच्या ट्रंकेत होता, नाहीतर सावकाराकडेच राहिला असता. वंशावळीच्या तक्त्यात तिचं नाव आता मी माझ्या हाताने लिहिलंय, मोडीत आणि खाली देवनागरीत.

दुसऱ्या पातळीचा वर्ग दिवाळीनंतर म्हणतायत, पंधरा नावं आली तर. माझ्यासकट नऊ झालीत, म्हणजे सहा हवीत, कुणी येणार असेल तर संघाच्या ऑफिसात नाव द्या आणि देताना तळमजल्याच्या हॉलचंही नक्की बोला. तोपर्यंत सर मंगळवारी एक तास शंका बघायला बसतात, त्याची फी घेत नाहीत. रुमालात अजून सतरा कागद आहेत. दुसरा लावायला घेतलाय, वाण्याच्या उधारीचा दिसतोय, सहाव्या ओळीत "गूळ" च्या पुढचा एक शब्द अडलाय, तो या मंगळवारी नेणार आहे.