35 पाउंडांवरून थेट 50 ची उडी, मग खांदा, मग 45: हंटिंग बो पेलायला लागलेले दहा महिने

आधीच सांगते, यात बोबद्दल, म्हणजे धनुष्याबद्दल, कमी आणि माझ्या खांद्याबद्दल जास्त आहे. दहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "मस्त आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून मोकळी झाले असते आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या, आणि दोन्ही वेळा बिचाऱ्या बोचा काही संबंध नव्हता.

सामान असं: 62 इंची टेकडाऊन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला, सुटा करता येणारा बो), लाकडी रायझर (मधला, हातात धरायचा भाग), दोन स्क्रूवर बसणारे लिम्ब्ज (वरचा आणि खालचा वाकणारा भाग). लिम्ब्जचे दोन जोड एकदमच घेतले, 35 पाउंड आणि 50 पाउंड (हे ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर). मधलं काहीच नाही. का, तर हंटिंग बो म्हटला की 45-50 पाहिजेच असं डोक्यात बसलं होतं. मी स्वतः शिकार करत नाही, फोमच्या थ्रीडी टार्गेटवरच (प्राण्याच्या आकाराच्या) मारते, पण त्या ताकदीचा बो नीट पेलता यायला हवा ही हौस होती. जिथे धनुष्याने शिकार कायद्यात बसते तिथे बऱ्याच ठिकाणी कमीत कमी ड्रॉ वेट ठरवून दिलेलं असतं, पुष्कळदा 40 च्या आसपास, म्हणजे 50 ही काही सक्ती नव्हे. हे मी घेतल्यानंतर वाचलं. असो.

आता ती आकड्यांची भानगड, कारण यात जवळपास प्रत्येक नवीन माणूस फसतो. लिम्बवर जो आकडा छापलेला असतो तो 28 इंच ड्रॉ लेंग्थचा, म्हणजे दोरी तेवढी ओढल्यावरचा असतो. माझी ड्रॉ लेंग्थ 26. एका इंचाला साधारण दोन-अडीच पाउंड कमी-जास्त होतात, त्यामुळे माझ्या बोटांवर 35 चे 31 च येतात आणि 50 चे 45. बॅग मोजायचा लटकवायचा काटा असतो ना, तो दोरीला अडकवून अँकरपर्यंत (गालावरची ठरलेली जागा, जिथे ओढणारा हात टेकतो) ओढा आणि बघा, पाच मिनिटांचं काम आहे. लांब हातांच्या माणसाचं उलट होतं, 30 इंच ओढणाऱ्याला तोच 50 चा लिम्ब 55 च्या घरात जातो, आणि बो आखूड असेल तर शेवटच्या इंचाला वजन एकदम अंगावर येतं, त्याला स्टॅकिंग म्हणतात. म्हणून कोणी "मी 50 मारतो" म्हणालं की पहिला प्रश्न, किती इंचावर?

तर 35 वर तीन आठवडे झाले, ग्रुपिंग (बाण एकमेकांजवळ बसणं) जमायला लागलं, अंगात वारं शिरलं आणि मी 50 चे लिम्ब्ज चढवले. बोटांवर 31 वरून 45, म्हणजे जवळजवळ दीडपट. जिममध्ये कोणी एका दिवसात दीडपट वजन लावलं तर आपण त्याला वेड्यात काढू, पण बोमध्ये लिम्ब बदलायला पाच मिनिटं लागतात आणि दिसायला सगळं तसंच दिसतं म्हणून कळत नाही. आणि मजा म्हणजे ओढता आला! ओढता आला म्हणजे काय, तर बो आकाशाकडे उचलायचा, दोन्ही हात एकदम फाकवायचे आणि खाली आणता आणता कसंबसं गालापर्यंत पोचायचं. पोचलं की लगेच सोडायचं कारण थांबवतच नाही. त्याच अवस्थेत मी रोज शंभर बाण मारले. हिशोब करा, 45 गुणिले शंभर, 4500 पाउंड, म्हणजे एका संध्याकाळी दोन टनांच्या वर. तेही खांदा कानाला लावून.

आमचे सर तेव्हा फक्त दोन प्रश्न विचारायचे. "किती झाले?" शंभर सर. "त्यातले अँकरला टेकलेले किती?" यावर मी गप्प.

पाचव्या आठवड्यात डावा खांदा गेला. सगळ्यांना वाटतं ओढणारा हात दुखेल, माझा धरणारा दुखला, आणि विचार केला तर बरोबरच आहे, दोरीवर जेवढा जोर तेवढाच ग्रिपवर उलटा येतो. ओढणाऱ्या बाजूला पाठीचे मोठे मोठे स्नायू मदतीला असतात, धरणारा खांदा मात्र एकदा वर चढला की सगळा भार रोटेटर कफच्या त्या छोट्या चार स्नायूंवर. हात बाजूने वर नेताना कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. फिजिओ बाईंनी बो पाच आठवडे बंद करायला लावला आणि एक गोष्ट सांगितली जी मला आधी कळायला हवी होती: सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती बरीचशी मेंदू आणि नसा शिकल्यामुळे असते, स्नायू नंतर भरतात, आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सगळ्यात सावकाश तयार होतात. म्हणजे आपल्याला ओढता यायला लागतं तेव्हा सांधा अजून तयार नसतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

(कळ येत असेल तर माझं वाचून स्वतःवर उपचार करू नका, दाखवून घ्या. नुसता थकवा पाठीत, दोन पंखांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधे जाणवतो. खांद्याच्या टोकाला टोचत असेल तर तो थकवा नाही.)

पाच आठवड्यांनी परत 35 वर आले. लाज वाटली. आणि इथून पुढे जे केलं त्यानेच खरं काम झालं, तर ते जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला तर होल्डने. बाण न सोडता अँकरपर्यंत ओढायचं, थांबायचं, आणि तसंच सावकाश परत आणायचं. सुरुवात 10 सेकंद धरणं, मिनिटभर आराम, असं सहा वेळा. महिन्याभरात 20 सेकंद, नंतर 30 सेकंद आठ वेळा. ऐकायला काहीच वाटत नाही, करून बघा, चौथ्या वेळेला पाठ पेटते. परत आणणं हा अर्धा व्यायाम आहे हे मला माहीत नव्हतं, मी आधी दोरी पुढे सोडून द्यायचे नुसती, आता तीन-चार आकडे मोजत आणते. एक अगदी महत्त्वाचं, हे करताना बाण लावलेला ठेवा आणि टार्गेटच्या अगदी समोर उभे राहा, कारण बोटं दमली की दोरी सुटू शकते आणि रिकामी दोरी सुटली, म्हणजे ड्राय फायर झाला, तर लिम्ब तडकू शकतो आणि तुकडे तोंडावर येऊ शकतात.

होल्डचा दुसरा फायदा म्हणजे फॉर्म लपत नाही. बाण मारताना दोन सेकंदात सगळं संपतं, कळतच नाही कुठे चोरी केली. 20 सेकंद धरलं की कोणता खांदा वर चढतोय, अँकर गालावरून पुढे घसरतोय का, कोपर कुठे जातंय, सगळं समोर. मला तर असं कळलं की मी आयुष्यभर दंडाने ओढत होते. सर म्हणायचे पंख जवळ आण, पंख जवळ आण, मला वाटायचं आणलेत की. 20 सेकंद दंडाने धरताच येत नाही, मग शरीर आपोआप पाठ शोधतं.

बाण मात्र कमी केले. आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक, दिवसाला तीस-चाळीस, तेही चार-पाच पावलांवरून टार्गेटवर कागद न लावता. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्म्यावर. हा निम्म्याचा आठवडा मला सगळ्यात जड गेला, ओढायला नाही, गप्प बसायला.

बँड हे दुसरं. रबरी बँडने रो (पोटाकडे ओढणं), फेस पुल (तोंडाकडे ओढणं), आणि कोपर कमरेला टेकवून हात बाहेर फिरवणं, हे तीनच ठेवले. शेवटचं फिजिओने दिलेलं, दिसायला एकदम फालतू आणि माझ्या मते खांद्यासाठी सगळ्यात उपयोगी. पुशअप्स केले पण वर आल्यावर अजून थोडं ढकलून पंख फाकवायचे, त्याने धरणाऱ्या हाताला आधार मिळतो. पुलअप मला पूर्ण येत नाही, बँडच्या आधाराने करते, मदत झाली असावी, नक्की सांगता नाही येणार. डंबेलचे बायसेप कर्ल दोन महिने केले ते वाया. बाह्या घट्ट झाल्या, बो तसाच. आणि डाव्या हातानेही बो ओढायची सवय ठेवा (35 वाला, नुसते होल्ड), नाहीतर एकच बाजू भरते.

पुढच्या जोडावर कधी जायचं याची परीक्षा सरांनी दिली ती सोपी आहे. खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे, बो समोर सरळ धरून, वर न नेता, अँकरपर्यंत ओढायचं आणि दहा सेकंद थांबायचं. पाय अधांतरी असले की कमरेने झोका देऊन चोरी करता येत नाही. 50 वर मी हे करायला गेले तर अर्ध्यावर दोरी थरथरायला लागली, म्हणजे मी पहिल्या महिन्यात काय मारत होते देव जाणे.

मग 40 चा जोड घेतला. चौथा महिना ते सातवा महिना तोच. आठव्यात 45, पण पहिले तीन आठवडे सरावाच्या शेवटी फक्त बारा बाण 45 चे आणि बाकी सगळं 40 वर. पाच-पाच पाउंडांच्या पायऱ्या, त्यातही मला वाटतं आयएलएफ (ठरावीक मापाच्या जोडणीचा) रायझर असता तर बोल्ट फिरवून ड्रॉ वेट साधारण दहा टक्के कमी-जास्त करून मधलं अंतर भरता आलं असतं, माझ्या स्क्रूने घट्ट बसवायच्या बोल्ट-डाऊनमध्ये ती सोय नाही, ही एक खरी तक्रार. कंपाउंडवाल्यांची (टोकांना चाकं असलेला बो) इथे मजा आहे, लिम्ब बोल्टचा एक फेरा म्हणजे दोन-तीन पाउंड, हळूहळू चढवत न्यायचं, आणि वर लेट-ऑफमुळे (पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे वजन हलकं होतं) धरताना पंधरा-वीस टक्केच वजन हातात. पण म्हणूनच ते जास्त फसतात असं माझं मत, एकदा मधली जड जागा ओलांडली की सोपं वाटतं, पण ती ओलांडताना लागणारा झटका खांद्यालाच बसतो.

मधे बो बंद होता तेव्हा वाचायला वेळ मिळाला तर मेरी रोझ सापडलं. 1545 मध्ये बुडालेलं इंग्लिश जहाज, 1982 मध्ये वर काढलं, त्यात शंभराच्या वर अख्खे लाँगबो मिळाले आणि त्यांचं ड्रॉ वेट अंदाजे 100 पाउंडांच्या वरच, काहींचं दीडशेच्याही पुढे. सांगाड्यांमध्ये नेहमीपेक्षा जास्त जणांच्या खांद्याच्या टोकाचं हाड नीट जुळलेलंच नव्हतं, लहानपणापासून जड बो ओढल्यामुळे असं झालं असावं असं अभ्यासकांना वाटतं. आणि त्याच काळातले ह्यू लॅटिमर नावाचे धर्मोपदेशक, त्यांनी 1549 मध्ये राजासमोरच्या प्रवचनात सांगितलंय की वडिलांनी त्यांना हाताच्या जोराने नाही तर अंगाच्या भाराने बो ओढायला शिकवलं, आणि वय आणि ताकद वाढेल तसतसे मोठे बो घेऊन दिले. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बापाला कळलं ते मला लिम्ब्जचे दोन जोड मागवताना कळलं नाही!

बाणांचा खर्च धरून चाला, हे कोणी सांगत नाही. ड्रॉ वेट वाढलं की जुने बाण जास्त वाकतात, कडक स्पाइन (बाणाच्या दांड्याचा कडकपणा) लागतो. स्पाइनचा आकडा जितका लहान तितका बाण कडक. 35 च्या लिम्ब्जवर माझे 700 चे बाण छान जायचे, 45 वर तेच बाण उजवीकडे पळायला लागले (मी उजव्या हाताने ओढते, डावखुऱ्यांचं उलटं), मी दोन आठवडे रिलीजला (दोरी सोडण्याला) दोष देत बसले. पिसं नसलेला बाण मारून बघितला तेव्हा कळलं की बाणच मऊ पडतायत. आता 600 वर आहे, 400 ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं माप) वजनाचा बाण, म्हणजे बोटांवरच्या पाउंडाला साधारण दहा ग्रेन, आवाज कमी आणि हातात झटका कमी. लिम्ब बदलला की ब्रेस हाइटपण (ग्रिप ते दोरीचं अंतर) परत मोजा, दोरीला पीळ कमी-जास्त करावा लागतो. आणि स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) वापरा, पायात अडकवून दोरी चढवायची स्टाईल 35 ला चालून जाते, 45 ला लिम्बला पीळ बसतो.

बोटांचं राहिलंच. 45 वर गेल्यावर अनामिकेचं टोक बधिर पडायला लागलं, पातळ टॅब (बोटं वाचवायची पट्टी) होता. जाड चामड्याचा घेतला आणि दोरी पेरावर घट्ट बसवायला लागले, गेलं. पाठ तयार आणि बोटं कच्ची असंही होतं तर.

बो म्हणून विचाराल तर दहा महिन्यांत लिम्ब्जना काही झालं नाही, पीळ नाही, तडा नाही. रायझरची ग्रिप माझ्या हाताला जाड आहे, घासून घेतली. लिम्ब बोल्ट सैल पडतात, दर वेळी हाताने बघून घ्यायचे. नवीन माणसाने घ्यावा का, घ्यावा, पण 25-30 च्या लिम्ब्जवर, आणि जड जोड आत्ता मागवू नका, घरात असला की हात शिवशिवतात.

सध्या 45 वर, बोटांवर साडेचाळीस. पाय उचलून खुर्चीत दहा सेकंद धरता येतात, चाळीस बाणांनंतरही अँकर तिथेच राहतो, 20 मीटरवर फोमच्या रानडुकरावर सहापैकी पाच बाण मधल्या वर्तुळात बसतात, आणि डाव्या कुशीवर झोपते. 50 चा जोड खोक्यात आहे. मागच्या रविवारी काढून चढवला, खुर्चीत बसले, सहा सेकंदांवर खांदा वर सरकला, तर परत खोक्यात ठेवला.