लिब्रेऑफिस: लिनक्स, मॅक आणि विंडोजमध्ये एकच फाइल

लिब्रेऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर, दोन वर्षं रोज वापरतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्याकडे लिनक्स, दादाकडे मॅक, मैत्रिणीकडे विंडोजवर वर्ड, आणि तिघांनी मिळून चाळीस पानांचा एक अहवाल लिहायचा होता. फाइल इकडून तिकडे पाठवणं सोपंय, मेल आहे, क्लाउड आहे, पेनड्राइव्ह आहे (तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, एनटीएफएस असेल तर मॅक नुसता वाचतो, त्यावर लिहीत नाही). खरी डोकेदुखी फाइल उघडल्यावर. मैत्रिणीकडे बाविसाव्या पानावर नीट बसलेलं टेबल माझ्याकडे अर्धं बाविसाव्यावर, अर्धं तेविसाव्यावर, आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर सगळे चुकलेले.

आधी वाटलं सॉफ्टवेअरच कच्चं आहे. पण कारण निघालं फॉन्ट. तिने सगळं कॅलिब्रीत टाइप केलेलं, तो लिनक्सवर नसतो, मग त्याच्या जागी दुसराच कुठलातरी फॉन्ट लागतो, त्याची अक्षरं केसभर जरी रुंद असली तरी ओळ आधीच तुटते, एकेक ओळ वाढत जाते आणि वीस पानांनंतर सगळंच खाली सरकलेलं असतं. यावर कार्लिटो नावाचा फॉन्ट आहे, त्याचं वळण वेगळं पण प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच. तसाच कँब्रियासाठी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन. लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या साइटवरून डाउनलोड केलं तर हे सोबत येतात, मी लिनक्सच्या सॉफ्टवेअर सेंटरमधून घातलेलं, तिथे कार्लिटो वेगळा घालावा लागला. घातला, फाइल परत उघडली, टेबल जागेवर! त्याच मिनिटाला दादाला फोन केला मी.

नवीन वर्डमध्ये आपोआप लागणारा फॉन्ट म्हणून कॅलिब्री जाऊन आप्टॉस आलाय, तो कार्लिटोने सुटत नाही, म्हणून आम्ही सुरुवातीलाच फॉन्ट ठरवून टाकतो.

मराठी मजकुराचं तर हे फारच महत्त्वाचं. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित नाहीतर नोटो, आणि प्रत्येकात ओळीची उंची वेगळी. तिघांनीही नोटो सेरिफ देवनागरी घातला, फुकट आहे, आणि तो प्रश्न मिटला. एक मात्र कुणी सांगत नाही, लिब्रेऑफिसच्या स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन कप्पे असतात, इंग्रजीचा वेगळा आणि सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींसाठी) म्हणून वेगळा. मराठीचा फॉन्ट सीटीएलमध्ये लावायचा, वरच्या कप्प्यात कितीही बदला मराठी अक्षर हलत नाही. हे कळेपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ गेली, ते त्यांनी जरा ठळक दाखवायला हवं.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे हायब्रिड पीडीएफ. एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफमध्ये एका चौकटीवर टिक केली की त्या पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी (लिब्रेऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट) फाइलही बसते. समोरच्याकडे कुठलीही सिस्टिम असो, त्याला ती साधी पीडीएफ दिसते, आणि तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पूर्ण एडिट करता येते. दादा आणि मी तेच करतो, छापायला आणि दुरुस्तीला वेगळ्या फाइली सांभाळायची गरजच राहिली नाही.

ओडीटीबद्दल माझं मत, तो फॉरमॅट 2006 पासून आयएसओ मानक आहे, वर्डही उघडतो, तुम्ही सगळे लिब्रेऑफिसवाले असाल तर तोच ठेवा. पण एक जण जरी वर्डवर असेल तर पहिल्या दिवसापासून डॉकेक्सच (वर्डचा फॉरमॅट) ठेवा, कारण आज ओडीटी उद्या डॉकेक्स असं फिरवत राहिलात की प्रत्येक फेरीत नंबरिंग नाहीतर समास कुठेतरी बिघडतोच. ट्रॅक चेंजेस आणि कमेंट मात्र डॉकेक्समधून छान ये-जा करतात, कुणी काय खोडलं ते नावासकट दिसतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मॅक्रोसाठी, एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो (शीटमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) सगळे चालत नाहीत, काही चालतात काही मध्येच अडकतात, आणि हिशोबाच्या शीटमध्ये असं चालत नाही, तसली फाइल आम्ही मैत्रिणीच्या विंडोजवरच ठेवलीय.